लाव्हा फॉल्समधला दोर

कोल्हापूर,
12 ऑक्टोबर

प्रिय विलास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना गणपतीपासून मी उत्तर दिलेले नाही, याची लाज वाटते. पण जे लिहायचे होते ते लिहिता येत नव्हते आणि ते वगळून दुसरे काही लिहावेसे वाटत नव्हते. माझी साखर आटोक्यात आहे, तुझ्या वहिनीचा गुडघा तसाच आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या लेकीने, मृणालने, मला ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीवर राफ्टिंगला नेले, हे तुला बापूकडून कळलेच असेल. बापूने त्यात मगरी घातल्या असतील तर त्या तेवढ्या काढून टाक. लीज फेरीपासून डायमंड क्रीकपर्यंत सुमारे 226 मैल आम्ही वल्ह्यांच्या तराफ्यातून गेलो. दोन्ही बाजूंना वाळवंटातले उभे कडे, डोक्यावर चाळिशीपलीकडचे ऊन, आणि पाणी मात्र ग्लेन कॅन्यन धरणाच्या पोटातून सोडलेले असल्यामुळे हाडे गोठवणारे. 1963 पासून ती नदी धरणाच्या तालावर चालते. विजेची मागणी वाढली की पाणी चढते, घटली की उतरते, आणि रात्री पाण्यात बांधलेला तराफा सकाळी वाळूवर बसलेला सापडतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे निदान पावसाला विचारून उघडतात, असे मी म्हणालो, तर मृणालसुद्धा हसली नाही.

शौचाचा डबा बरोबर वाहून न्यायचा, पण लघवी मात्र नदीतच करायची, असा तिथला नियम आहे. पंचगंगेकाठी वाढलेल्या माणसाला त्यातला पहिला भाग अवघड गेला, दुसरा मुळीच नाही. खोल घळईत विष्णू शिस्ट नावाचा काळाकुळकुळीत खडक लागतो, सुमारे 170 कोटी वर्षांपूर्वीचा. मी त्याला हात लावून नमस्कार केला, आणि नास्तिक म्हणून चाळीस वर्षे माझ्याशी भांडणाऱ्या तुझी आठवण काढली.

आता मूळ गोष्ट. 179व्या मैलावर लाव्हा फॉल्स नावाचा खळाळ आहे. नाव लाव्हाचे असले तरी तो घडला आहे बाजूच्या ओढ्याने पुरात आणून टाकलेल्या दगडधोंड्यांनी. नावाडी आधी काठाला लागतात, काळ्या खडकांवर चढून बराच वेळ पाण्याकडे नुसते बघत उभे राहतात, आणि एरवी अखंड बडबडणारी ती मंडळी परत येताना एकमेकांशी बोलत नाहीत. आम्ही उजव्या अंगाने शिरलो. तिसऱ्या की चौथ्या लाटेत तराफा उभा राहिला, आणि माझ्या शेजारी बसलेली मृणाल तिथे नव्हती.

विलास, माझ्या दोन्ही हातांत दोर होता आणि मी तो सोडला नाही. ती लाटेखालून वर आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. पुढे थांबलेल्या तराफ्याने तिला उचलले तेव्हा ती खदाखदा हसत होती. हे सगळे अर्ध्या मिनिटात आटोपले असेल. आमच्या नावाड्याने मला शाबासकी दिली, कारण पडलेल्याच्या मागे उडी घ्यायची नाही, दोर धरून बसायचे, असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. नियम बरोबर आहे, हे मला मान्य आहे. पण मी नियम आठवून थांबलो नव्हतो. माझी बोटे उघडलीच नाहीत.

शिवाजी पुलावरून आपण उड्या मारल्या त्या श्रावणात मी राजाराम बंधाऱ्याच्या दिशेने वाहत निघालो, तेव्हा तुला कोणी शाबासकी देणारे नव्हते, तरी तू आलास. पैज कोणी लावली होती यावर आपण वर्षभर अबोला धरला (ती तूच लावली होतीस), पण उडी घेण्यापूर्वी तू काही विचार केला होतास का, हे मी तुला कधी विचारले नाही. आज विचारतो.

कारण मृणालला सोडतीत स्वतःच्या सहलीचा परवाना मिळाला आहे. पुढच्या वर्षी व्यावसायिक नावाडी नाही. मित्रमंडळी, स्वतःचे तराफे, आणि एका तराफ्याची वल्ही तिच्या हातात. तिने इतर नद्यांवर चार-पाच वर्षे वल्ही मारली आहेत, हे खरे. 1869 मध्ये पॉवेल नावाचा भूशास्त्रज्ञ एका हाताने थोटा असूनही शोधमोहीम घेऊन याच नदीतून गेला, हे ती मला ऐकवते. त्याच्यासह निघालेल्या दहांपैकी शेवटी सहाच जण पाण्यातून बाहेर आले, हे मी तिला ऐकवतो. मधेच सोडून गेलेल्यांपैकी तिघे जण शेवट अगदी जवळ आलेला असताना पुढे यायला नकार देऊन चालू लागले आणि मारले गेले. त्यांच्यात तू नक्की असतास.

तिला नाही म्हणण्याचा अधिकार पुलावरून उडी मारलेल्या माणसाला नाही. पण ती म्हणते, "बाबा, तुम्ही माझ्याच तराफ्यात बसायचं." ती पुन्हा पाण्यात पडली आणि माझे हात पुन्हा तसेच राहिले तर, या विचाराने पहाटे तीनला जाग येते. आणि बसलो नाही, तर इथे रंकाळ्यावर फेऱ्या मारत फोनची वाट पाहायची. यातले कोणते सोसवेल ते मला समजत नाही.

तुझ्या मोतीबिंदूचे कसे झाले? धाकट्याचे लग्न ठरल्याचे ऐकून आनंद झाला. वहिनींना नमस्कार सांग, आहेर आम्ही घेऊन येऊच.

उत्तर मात्र पत्रानेच पाठव. फोन इथे तुझी वहिनी उचलते, आणि पुलावरची ती गोष्ट तिला अजून ठाऊक नाही.

तुझा,
अरुण