स्विच अजून यायचाय, भाव आधीच ठरला!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अंबड एमआयडीसीत एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो, कॉम्प्युटर आणि सर्व्हर एकमेकांना जोडणाऱ्या नेटवर्क स्विचशी रोजचाच संबंध आहे म्हणून लिहितोय. सध्या कॉलेज रोडला चहाच्या टपरीवर पण अरिस्टा या अमेरिकन नेटवर्किंग कंपनीच्या पुढच्या स्विचची चर्चा चालते, पोर्ट किती, कधी येणार, आला की शेअर कुठे जाणार, आणि बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी सर्व्हर रूमचं दार पण उघडलेलं नसतं.

मुळात त्यातली मेन चिप अरिस्टा बनवतच नाही, ती बहुतेक वेळा ब्रॉडकॉम या चिप कंपनीची असते. जून २०२५ मध्ये ब्रॉडकॉमने सेकंदाला १०२.४ टेराबिट डेटा हलवणारी टोमाहॉक ६ ही चिप द्यायला सुरुवात केली, टोमाहॉक ५ च्या बरोब्बर डबल, त्यामुळे पुढच्या हार्डवेअरचा वेग किती हे गुपित राहिलंच नाही आणि ती चिप दुसरे पण घेतातच की. अरिस्टाची खरी ताकद ईओएस हे स्विच चालवणारं सॉफ्टवेअर, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. शिवाय एनव्हिडिया एआयसाठीच्या जीपीयू चिपबरोबर स्वतःचे स्पेक्ट्रम-एक्स स्विच पण विकतेय, ते वेगळंच.

बरं लाँच झालं म्हणजे माल विकला गेला असं नसतं हो. मायक्रोसॉफ्ट, मेटा अशी मोजकी गिऱ्हाईकं मोठा माल उचलतात, नवीन प्रॉडक्ट असलं की आधी आपल्याकडे नीट टेस्ट करून घेतात, आणि काही ऑर्डरींमध्ये तर गिऱ्हाईक पास करेपर्यंत ते पैसे कमाईत धरताच येत नाहीत, डिफर्ड रेव्हेन्यूत पडून राहतात. अंदाजच बांधायचा तर तिमाही निकालात तो आकडा बघा, इन्व्हेंटरी म्हणजे गोदामात पडलेला माल बघा, लीक झालेला फोटो काय बघता! लासलगावच्या रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर दिसले म्हणून लिलावात काय भाव फुटेल ते सांगता येतं का?

मार्च २००० मध्ये सिस्को ही नेटवर्किंगचीच कंपनी बाजारमूल्यात जगात एक नंबरला गेली होती, पुढच्या अडीच-एक वर्षात शेअर ८० टक्क्यांहून जास्त पडला. इंटरनेट वाढणार हा लोकांचा अंदाज बरोबरच होता, कंपनी पण बुडाली नाही, फक्त घेतलेला भाव चुकीचा होता.

आणि ॲपवरून अमेरिकन शेअर घेणाऱ्या पोरांना हे तरी कोणी सांगतं का, की एकच शेअर असला तरी आयटीआरमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं, आयटीआर-१ चालत नाही, आणि गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाखांच्या वर पैसे बाहेर पाठवले की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो (तो टॅक्समध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात ना). तुमच्या अर्थविषयक पानावर टार्गेट प्राइसऐवजी एखाद्या आठवड्यात एवढं छापा, रिटर्न भरायच्या सीझनच्या आधी छापलंत तर अजून बरं.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक