पान ४० वरची आजी

रविवारच्या पुरवणीतला गिरणगावावरचा लेख दोनदा वाचला. एकही वाक्य अडखळलं नाही. लेखकाचं श्रेय आहेच, पण त्यावर कुणाची तरी लाल पेन्सिल फिरली असणार, असं वाटत राहिलं.

नुकतंच एका स्नेह्याने स्वखर्चाने आठवणींचं पुस्तक काढलं. माणूस गप्पांत रंगवून सांगणारा, पण पुस्तकात पान १२ वर वारलेली आजी पान ४० वर पापड लाटते! 'शिक्षक दिन' सगळीकडे 'शिक्षक दीन' छापलाय. (तेही खोटं नाही म्हणा.) संगणकाला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. मुखपृष्ठावर मात्र सढळ खर्च. संपादकाचं नाव काढलं तर म्हणाले, "माझं मराठी काय वाईट आहे?"

गिरगावात खटाववाडीत 'मौज' प्रकाशनाच्या कचेरीत संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नावाजलेल्या लेखकांच्या हस्तलिखितांवरही शंका काढत, पुनर्लेखन सुचवत. तिथे कुणाच्या मराठीचा प्रश्न नव्हता.

आपल्याकडे लेखकाचं नाव ठळक छापता, तसं लेखाखाली बारीक अक्षरांत संपादन करणाऱ्याचंही द्याल का?

– एक निवृत्त मुद्रितशोधक, सातारा