वहिनीच्या पिण्याच्या पाण्याबद्दल

नेरूळ

प्रिय आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, तू परवा फोनवर विचारलंस, सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने तुझा थायरॉईड बिघडला का? मला तसं वाटत नाही. तुझ्या रिपोर्टमध्ये अँटीबॉडीज वाढलेल्या आहेत, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणाच त्या ग्रंथीवर उलटली आहे. तू तयार हार्मोनच गोळीतून घेतेस, त्यामुळे ग्रंथीने ते बनवण्यावर तुझं अडत नाही. तरी टीएसएच (थायरॉईडला हार्मोन बनवायला सांगणारा रक्तातला निरोप, हार्मोन कमी पडलं की वाढतो) वाढत असेल तर आधी गोळीची वेळ बघ. कॅल्शियम त्या हार्मोनला आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी घे. डोस मात्र डॉक्टरांनाच ठरवू दे.

मला काळजी आहे ती वहिनीची. तिला आत्ता दुसरा महिना आहे. पहिले तीन महिने बाळ स्वतःचं थायरॉईड हार्मोन बनवत नाही, आईचंच वापरतं, आणि त्याच्या मेंदूची घडण त्यावर चालते. हार्मोन बनायला आयोडीन लागतं. एरवी दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणी 250.

हे आयोडीन ग्रंथीच्या पेशीत ओढून घेणारं एक प्रथिन असतं. पाण्यातला नायट्रेट नावाचा क्षारही त्याच वाटेने घुसू बघतो. सकाळी ठाण्याला फास्ट लोकलच्या दारात होतं तसंच: एकेकाचा जोर फार नसतो, पण गर्दीमुळे चढणाऱ्याला जागा मिळत नाही. नायट्रेट तसा दुबळाच, पर्क्लोरेट नावाचा दुसरा क्षार त्याच्यापेक्षा शेकडो पटींनी जबर. पण आकडे बघा: आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, म्हणजे 45,000 मायक्रोग्रॅम, आणि आयोडीन दिवसाला जेमतेम 250. आयोडीन पुरेसं असेल तर शरीर हे निभावून नेतं. ते कमी पडलं की अडचण सुरू होते.

म्हणून आई, ते सैंधव मीठ खरंच बाजूला ठेव. त्यात बहुतेकदा वरून आयोडीन घातलेलं नसतं. साध्या आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत किलोमागे निदान 15 मिलिग्रॅम असावं असा नियम आहे. पालेभाज्यांतही नायट्रेट असतो, पण म्हणून त्या बंद करू नकोस, तिला त्या हव्याच आहेत.

आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. जंतू मरतात, नायट्रेट आणि बोअरच्या पाण्यात असू शकणारा दुसरा क्षार, फ्लोराइड, तसेच राहतात. पाणी आटलं की उलट दाट होतात. मेणबत्तीच्या किंवा यूव्हीच्या फिल्टरनेही जात नाहीत, आरओने बरेचसे जातात. फ्लोराइड खडकातून पाण्यात उतरतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरना तो त्रास आहे. आपल्या बोअरमध्ये किती, ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

बाबा, तुम्ही कमिटीत एवढं मांडाच. आपल्या घोडबंदरच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर, बोअर आणि पालिकेचं पाणी एकाच टाकीत पडतं, ते पिण्यासाठी वेगळं करायला सांगा. बोअरचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या, आणि नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा हे तिन्ही लेखी मागा. आरओवाल्याचं टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतं, त्यात कोणता किती हे सांगत नाही. रिपोर्ट येईपर्यंत वहिनीला पालिकेचंच पाणी द्या. ते वेगळं मिळत नसेल तर आरओचं. बाळाला पुढे वरचं दूध द्यायची वेळ आली तर बोअरचं पाणी त्यात अजिबात नको. नायट्रेट जास्त असेल तर तान्ह्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची क्षमता घटते.

दादाला सांगा, पुढच्या तपासणीला वहिनीचा टीएसएच करून घ्यायचं डॉक्टरांना विचार म्हणावं. मी रविवारी येतेय, नमुन्याच्या बाटल्या मी आणते.

तुमची,
छोटी