पैशांआधी नोंदवही

हॅरो, लंडन
दि. १७ नोव्हेंबर

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीपूर्वी टाकलेले तुमचे पत्र मला भाऊबीज उलटून गेल्यावर मिळाले. माजी विद्यार्थी संघाच्या वार्षिक सभेचा वृत्तान्त तुम्ही इतक्या बारकाईने लिहिला आहे की, कोण किती वेळ बोलले आणि कोण चहा घेऊन सभा सुरू होण्याआधीच निघून गेले, हे सारे मला इथे बसून दिसले. प्रयोगशाळेच्या छपराचे वासे वाळवीने पोखरले आहेत, वेतनेतर अनुदानाच्या तुटपुंज्या रकमेत खडू आणि विजेचे बिल यांच्यापलीकडे काही भागत नाही, आणि पट घटल्यामुळे यंदाच्या संच मान्यतेत, म्हणजे सरकार मंजूर करते त्या शिक्षकसंख्येत, आणखी एक शिक्षक कमी होण्याची भीती आहे, हे वाचून वाईट वाटले. मात्र ज्या ठरावासाठी तुम्ही हे पत्र प्रामुख्याने लिहिले आहे, त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण त्यातील एका गोष्टीला मी नाही म्हणणार आहे.

छपराचा निम्मा खर्च परदेशातील माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, हा ठराव आम्हा सर्वांना मान्य आहे. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही शाळेचे पाच जण डॉलिस हिलच्या वास्तूत एकत्र आलो होतो. (महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ सालचे आहे, हे मी तुम्हांला मागे लिहिले होते; तिथल्या खुर्च्यांवर बसले की आपल्या शाळेच्या सभागृहाची आठवण होते, फक्त पाऊस छपरावर वाजत नाही.) फराळाची ताटे हातात घेऊन कोपऱ्यात उभ्याउभ्याच आमची बैठक झाली आणि प्रत्येकाने आपापला आकडा सांगितला. अडचण आकड्याची नाही. तुम्ही सुचवले आहे की, सर्वांनी आपली रक्कम माझ्या खात्यात भरावी आणि मी ती एकरकमी संस्थेला पाठवावी, म्हणजे पावत्यांचा व्याप वाचेल. आप्पा, हे मी करणार नाही, आणि त्याचे कारण नीट समजावून सांगणे माझे कर्तव्य आहे.

आम्हा पाच जणांपैकी तिघांकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. उरलेले दोघे ब्रिटिश नागरिक झाले आहेत. ब्रिटनने २०२० पासून आपले पासपोर्ट पुन्हा निळे केल्यामुळे आता टेबलावर ठेवलेल्या दोन पुस्तिका लांबून सारख्याच दिसतात, पण परदेशी देणगी नियमन कायद्याला, म्हणजे २०१० च्या एफसीआरएला, त्यांतला फरक फार मोठा वाटतो. भारतीय नागरिक परदेशात राहत असला, तरी त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी या कायद्याने ‘परदेशी’ ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याचा जन्म आपल्या आळीत झालेला असो, त्याच्या घरी गणपती बसत असो, त्याची देणगी मात्र परदेशी ठरते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाने यात काही बदलत नाही. त्या कार्डाच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द असल्यामुळे भले भले फसतात. आमच्यातील डॉक्टरही परवापर्यंत स्वतःला दोन्ही देशांचा नागरिक समजत होता. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, हे त्याला मी चकली संपेपर्यंत समजावत होतो.

परदेशी देणगी घ्यायची, तर संस्थेला गृह मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते किंवा त्या विशिष्ट देणगीपुरती पूर्वपरवानगी घ्यावी लागते. नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षे झालेली असावी लागतात, आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या विशेष खात्यातच प्रथम उतरावे लागतात, मग संस्था कोकणातली असो की केरळातली. आपल्या संघाला ही नोंदणी नाही, आणि एका छपरासाठी ती मिळवण्याच्या मागे लागावे, असे मला वाटत नाही. अशा स्थितीत त्या दोघांचे पैसे माझ्या खात्यातून माझ्या नावाने पाठवणे म्हणजे कायद्याला वळसा घालणे होय. मी पकडला जाईन की नाही, हा प्रश्न गौण आहे. उद्या कोणी विचारणा केली, तर उत्तर तुम्हांला द्यावे लागेल, आणि सदतीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसावर ती वेळ मी आणू इच्छित नाही.

म्हणून आम्ही असे ठरवले आहे की, तिघे भारतीय नागरिक आपापल्या खात्यातून, आपापल्या नावाने, स्वतंत्रपणे रक्कम पाठवतील. प्रत्येकाच्या पासपोर्टची प्रत संस्थेच्या दप्तरी राहू द्या आणि प्रत्येकाला वेगळी पावती द्या. तीन पावत्यांचा व्याप तुमच्या खजिनदारांना झेपेल, असे वाटते. इथल्या करसवलतीचा विचारही आमच्यातील एकाने बोलून दाखवला. ‘गिफ्ट एड’ या योजनेत प्रत्येक पौंडामागे सरकार धर्मादाय संस्थेला २५ पेन्स देते. पण त्यासाठी संस्था इथे मान्यता पावलेली लागते, आणि तशी संस्था काढून तिच्यातून पैसे पाठवले, तर ते पुन्हा परदेशी देणगीच ठरतात, म्हणजे फिरून आपण दिल्लीच्या त्याच शाखेत. तो विचार आम्ही शंकरपाळ्यांबरोबर संपवला.

उरलेले दोघे हिरमुसले होते. त्यांच्यापैकी जो अभियंता आहे, त्याने एक सूचना केली आहे आणि ती मला छपराइतकीच मोलाची वाटते. दहावीच्या मुलांसाठी दर शनिवारी विज्ञानाचा एक तास पडद्यावरून घेण्याची त्याची तयारी आहे. हिवाळ्यात तुमचे घड्याळ आमच्यापुढे साडेपाच तास असते, तेव्हा तुमच्याकडे दुपारचे अडीच वाजले की इथे सकाळचे नऊ. शनिवारची शाळा सकाळची असल्याने मुलांना घरी जाऊन जेवून परत यावे लागेल. वाड्यांवरून चालत येणाऱ्यांना ते जमेल का, हे तुम्ही मुख्याध्यापिकांना विचारा. सेवेच्या आड कोणताही पासपोर्ट येत नाही. तुम्हीच आम्हांला आठवीत शिकवले होते की, १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्या शाळांत आरंभी सभासद स्वतःच फावल्या वेळी विनावेतन शिकवत असत, आणि दादाभाई नौरोजी त्यांच्यातले एक होते. शेठ मंडळींच्या थैल्या नंतर सुटल्या. तेव्हा मला त्यातली फक्त सनावळी पाठ होती.

आता दुसऱ्या विषयाकडे येतो. आमच्या शेजारी राहणारे वृद्ध गृहस्थ, ज्यांच्या बागेतले सफरचंद आई इथे आली असताना आवडीने मागून घेत असे, ते इथल्या एका ग्रामर स्कूलचे माजी विद्यार्थी आहेत. इंग्लंडमध्ये माजी विद्यार्थ्यांचे प्रस्थ किती, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आमच्या टेकडीवरच्या हॅरो शाळेत पंडित नेहरू १९०५ ते १९०७ अशी दोन वर्षे शिकले, त्याचा उल्लेख करणारे लोक मला बसथांब्यावरही भेटतात. फुटबॉलचा एफए चषकही पहिली दहा-अकरा वर्षे बहुतांशी असल्याच मंडळींच्या हातात होता: १८७९ आणि १८८२ साली ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ तो जिंकला, १८८१ साली चार्टरहाउसच्या माजी विद्यार्थ्यांचा. १८८३ च्या अंतिम सामन्यात मात्र ब्लॅकबर्नहून आलेल्या, विणकर आणि कारागीर भरलेल्या संघाने ईटनकरांना २-१ असे हरवले, आणि त्यानंतर कोणत्याही शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना तो चषक मिळाला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्या शाळेची पहिली इमारत परळ-लालबागच्या खोल्यांत राहणाऱ्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभी राहिली, असे आजोबा सांगत. गिरणीच्या पगारातून आठ-आठ आणे काढणारी ती मुंबईची कमिटीच माझ्या मते आपला पहिला माजी विद्यार्थी संघ होय, जरी तिच्यातील बहुतेकांना आपल्या गावी शाळाच नव्हती.

पण शेजाऱ्यांची गोष्ट ईटन-हॅरोची नाही. त्यांची शाळा सरकारी, निवड परीक्षा देऊन मिळणारी. १९६५ साली शिक्षण खात्याने १०/६५ क्रमांकाचे परिपत्रक काढून, अशा निवडक शाळा बंद करून सर्वांसाठी एकच प्रकारची शाळा ठेवण्यास स्थानिक प्रशासनांना सांगितले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शेकडो ग्रामर स्कूल एकतर मिटली किंवा दुसऱ्या शाळांत विलीन झाली. शेजाऱ्यांची शाळाही गेली. माजी विद्यार्थी संघ मात्र राहिला. म्हणजे गेली पन्नास वर्षे या संघात एकही नवा सभासद आलेला नाही. गेल्या महिन्यात ते मला त्यांच्या वार्षिक भोजनाला घेऊन गेले. एकूण चौदा माणसे होती आणि त्यांतील सर्वांत तरुण सदुसष्ट वर्षांचा. जेवणानंतर एकच ठराव होता: संघाची कागदपत्रे परगण्याच्या अभिलेखागाराला सोपवून खाते बंद करावे. कोणी विरोध केला नाही. मग चिटणीसांनी नोंदवही उघडली. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, दाखल झाल्याचे साल, सोडल्याचे साल, पुढे काय केले, आणि कित्येकांपुढे युद्धात कुठे पडला, असे ओळीने लिहिलेले होते. शेजाऱ्यांनी आपल्या नावावर बोट ठेवून मला दाखवले आणि वही पुढच्याकडे सरकवली. त्या वहीला संघाच्या बँकेतील शिलकीपेक्षा जास्त वेळ मिळाला, एवढे मी सांगू शकतो.

तुम्ही सभेत वाटलेली आपल्या संघाची यादी मी त्याच रात्री पुन्हा पाहिली. यादी आहे ती वर्गणी भरणाऱ्यांची, शिकलेल्यांची नव्हे. शाळा सोडून मुंबईला गेलेले, नापास होऊन घरी बसलेले, आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेले त्यात नाहीत. आणि मुली तर जवळजवळ नाहीतच. त्या शाळेत माहेरच्या नावाने होत्या, लग्नानंतर नाव बदलले, गाव बदलले आणि संघाच्या दृष्टीने त्या नाहीशाच झाल्या. आई जुन्या अकरावीपर्यंत त्याच बाकांवर शिकली. तीस वर्षे संघाच्या प्रत्येक सभेचा चहा तिने केला. यादीत ती नाही. हा दोष कोणा एकाचा आहे, असे मी म्हणत नाही; ती यादी मीही दहा वर्षे पाहत आलो आहे आणि मलाही ते दिसले नव्हते.

म्हणून माझी विनंती अशी की, छपराचे काम चालू असतानाच शाळेच्या जनरल रजिस्टरांवरून संघाने स्वतःची नोंदवही करावी. मुख्याध्यापिकांची लेखी परवानगी घ्या, आणि रजिस्टरातील जात, जन्मतारीख असले तपशील उतरवू नका. नाव, गाव, दाखल झाल्याचे आणि शाळा सोडल्याचे साल एवढे पुरे. पहिली दोन रजिस्टरे मोडी वळणाच्या अक्षरात आहेत आणि पाने सुटत चालली आहेत, असे तुम्हीच मागे म्हणाला होतात. ती आधी घ्यावीत. मुलींच्या नावापुढे सासरचे नाव लिहायला एक रिकामा रकाना ठेवावा आणि तो गावातल्या बायकांना विचारून भरावा, कारण कोण कुठे दिली, हे त्यांना जितके माहीत असते तितके कोणत्याही दप्तरात नसते. वह्या, छायाप्रती आणि उतरवून घेणाऱ्या दोन मुलांचे मानधन यांचा खर्च मी, भारतीय नागरिक या नात्याने, माझ्या खात्यातून वेगळा पाठवीन.

जाता जाता एक रुक्ष गोष्ट. धर्मादाय आयुक्तांकडील आपल्या नोंदीत अजून दोन दिवंगत विश्वस्तांची नावे आहेत, असे तुमच्या पत्रावरून दिसते. विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाचा अहवाल, आयुक्तांकडे द्यायचा असतो. तो आता उशिराने का होईना, विलंबाचे कारण लिहून दाखल करावा. नाहीतर बँक सह्यांवरून अडवील आणि आमचे पैसे खात्यात येऊन पडतील, पण सुताराला देता येणार नाहीत.

इकडे थंडी सुरू झाली आहे. सूनबाई आणि मुले खुशाल आहेत. धाकटा तुम्ही पाठवलेल्या गोट्या शाळेत नेऊन हरवून आला. तुमच्या गुडघ्याचे तेल संपले असेल, ते येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

आईला सांगा की नोंदवहीचे काम तिच्यापासून सुरू करायचे आहे. तिचे माहेरचे नाव ज्या पानावर सापडेल, त्या पानाचा आणि नोंदीचा क्रमांक मला पुढच्या पत्रात कळवा.

आपला आज्ञाधारक,
बाळ