सोनल, रात्री झोपलीस का?

चि. सोनल,
अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा तुझा मेसेज दादाने वाचून दाखवला. डबा संपवलास का, हे विचारत नाही. झोपलीस का, तेवढं सांग.

काल निघताना चिडलीस. "माझ्या झोपेचं राहू दे, तू तुझं बघ." अगं, केमो मला चालू आहे आणि डोळ्यांखाली काळं तुझ्या आलंय. रात्री माझ्या नाकापुढे बोट धरून श्वास बघायचीस, तेव्हा मी जागीच असायचे. मुद्दाम डोळे मिटून पडायचे, म्हटलं हिला वाटू दे, आई झोपली. पाच मिनिटांत तू थर्मामीटर घेऊन परत हजर. ताप १००.४ झाला की लगेच दवाखाना गाठायचा, हे तू फ्रिजवर चिकटवून गेलीस. दादाला पाठ झालंय. आता राखण त्याला करू दे.

समुपदेशक बाई सांगत होत्या तेव्हा तू बिलांत डोकं घालून बसली होतीस, म्हणून लिहिते. आडवं पडायचं, पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत एकेका जागी लक्ष न्यायचं. मन रिपोर्टकडे पळालं तर त्याला रागवायचं नाही, परत श्वासावर आणायचं. झोप आलीच पाहिजे असा हट्ट नको. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, मोबाईल न घेता. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अशा सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) सरावाचा वर्ग सुरू केला, तो आठ आठवडे चालतो, तेव्हा दोन रात्रींत जमेल असं धरू नकोस. माझा आजार त्याने जाणार नाही, त्याला औषधंच. पण तुझी धडधड कमी होईल. आणि तरीही झोप येईना झाली तर डॉक्टरांना सांगायचं, अंगावर काढायचं नाही.

फार शिकवलं. राग मानू नकोस, बाळा.

२०१९च्या पुरात कोल्हापूरचं शाहूपुरीतलं घर सोडून आपण राजारामपुरीत माईकडे गेलो. हॉलभर माणसं, टीव्हीवर पाण्याच्या बातम्या, आणि तू कोपऱ्यात सतरंजीवर ढाराढूर. माई म्हणाली, हिला पूर घेऊन गेला तरी कळायचं नाही. ती झोप कुठं गेली गं?

केमोच्या खुर्चीशेजारी बसून तू मीटिंग केलीस आणि मधेच सलाईन संपत आल्याचं नर्सला सांगितलंस. पलीकडच्या बाई बघतच राहिल्या. माझा ऊर भरून आला. गाठीची भीती मला वाटते, नाही असं नाही. पण मी बरी झाले तरी तुझी ही रात्रीची दचकून उठायची खोड राहील, याची जास्त वाटते.

गुरुवारी रक्त तपासायचंय. पांढऱ्या पेशी किती आल्या ते दादा कळवेल. रात्री अकरानंतर फोन करू नकोस, उचलणार नाही. आणि काल किती वाजता डोळा लागला, ते खरं लिही.

तुझी,
आई