देवमाशाचा कान

संपादक महोदय,

‘उत्क्रांती कुणी पाहिली?’ असं आपल्या एका वाचकानं विचारलं आहे. वर्गात हा प्रश्न दरवर्षी यायचा. निवृत्तीआधीची काही वर्षं मी उत्तरादाखल फळ्यावर देवमाशाच्या कानाचं हाड काढायचे. जम्मूतल्या कालाकोटजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांत ‘इंडोहायस’ हा मांजराएवढा, खुरांचा प्राणी सापडला, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा. २००७ साली त्याच्या कानाचं वर्णन प्रसिद्ध झालं : आतल्या बाजूचं हाड जाडजूड, थेट देवमाशासारखं! डीएनए तपासला, तर देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा, तोही खुरवालाच. देवमासे जमिनीवरच्या खुरवाल्या प्राण्यांच्या वंशातून आले, याचे दगड आणि डीएनए, दोन्ही साक्षीदार स्वतंत्र. इंडोहायसच्या कवटीची प्लास्टरची प्रतिकृती प्रत्येक शाळेत का नसावी?

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा