शेततळ्यातील एरेटरला वीज पहाटे हवी

महोदय,

शेततळ्यातले मासे बहुधा पहाटेच मरतात. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते. तो लिटरमागे ३ मिलिग्रॅमखाली गेला की मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. तरीही पाणी घुसळून त्यात प्राणवायू मिसळणारा पॅडलव्हील (पात्यांच्या चाकाचा) एरेटर अनेक ठिकाणी फक्त दिवसा फिरतो! तो मध्यरात्रीनंतर ऊन वर येईपर्यंत चालवावा. ढगाळ हवेत आणखी आधी सुरू करावा, खाद्यही कमी करावे. पाती साधारण १० सेंटिमीटरच बुडावीत. जास्त बुडाल्यास भार वाढून मोटर जळते. प्रवाह प्लास्टिकच्या अस्तरावर थेट आदळू देऊ नये.

सौर कृषी वाहिनी या शेतीला सौरऊर्जेची वीज देणाऱ्या सरकारी योजनेची दिवसाची वीज पिकांसाठी उत्तमच. मात्र मत्स्यतळ्यांना पहाटेची स्वतंत्र वीज मिळायलाच हवी.

– एक मत्स्यशेतकरी, सोलापूर